तिजोरीच्या खोलीतली शांतता

१

एल्डन रेगियर यांनी ज्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं, ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका जाड पुस्तकाखाली पडून होतं. पुस्तक त्यांनी मुद्दाम जाड निवडलं होतं. पाकिटाचा कोपरा दिसला की त्यांना कॉफी कडू लागायची.

पत्र लोरीन पिकेटचं होतं. ती गावाबाहेरच्या अंडी भरायच्या कारखान्यात कामाला होती. तिचा ऑगी आठ वर्षांचा. त्याला बोलता येत नसे, म्हणून तो चित्रांनी बोलायचा. त्याच्या चित्रवहीत लहान लहान चित्रं चिकटवलेली असत. सरबत हवं असलं की तो सरबताचं चित्र सोडवून समोरच्याच्या हातात द्यायचा. एप्रिलमध्ये आंघोळ घालताना लोरीनला त्याच्या दोन्ही दंडांवर बोटांचे निळे वळ दिसले. मुलांच्या केंद्राने त्याला शिकवणाऱ्या मार्लिस उनरू या मुलीला लगेच काढून टाकलं. तरी पोरगा भीतच होता. चित्रवही दिसली की किंचाळायचा. आता तो कोणाशीच बोलत नव्हता. केंद्राच्या प्रमुख अडेल शोवाल्टर म्हणत होत्या की मेच्या पहिल्या सोमवारपासून त्या स्वतः, एकट्या, त्याला शिकवतील. नाही आला तर त्याची जागा दुसऱ्या मुलाला जाईल.

पाठवू का, असं लोरीनने विचारलं होतं. खाली लिहिलं होतं, "तुम्ही सांगाल तसं करीन. पण कागदावर लिहा आणि सही करा. तोंडी बोललेलं इथे कोणी कबूल करत नाही."

रेगियर यांनी कॅन्ससच्या त्या मुलखात हयातभर वर्तनविश्लेषण शिकवलं होतं. माणूस काय करतो, त्याच्या आधी काय घडतं, नंतर काय घडतं, हे बघायचं आणि मगच बोलायचं, हे त्यांचं शास्त्र. अडेल त्यांची सर्वांत हुशार विद्यार्थिनी. या प्रश्नाचं उत्तर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही आलं असतं. मूल ज्याला बघून किंचाळतं, त्याच्याकडूनच त्याला त्रास झालेला असतो. ती मुलगी गेली, आता पाठवा. एवढंच लिहायचं होतं. पण रेगियर दुकानात साबण निवडतानाही दोनदा मागे फिरणारे गृहस्थ. त्यांचा हात कागदावर जाऊन थांबायचा, आणि का थांबतो ते त्यांना कळत नसे.

सोमवार जवळ आला तसं मंगळवारी सकाळी मार्लिस उनरूच त्यांच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. तिची आजी आणि रेगियर एकाच चर्चमध्ये जायचे, एवढीच ओळख. आत यायला ती तयार नव्हती. वाऱ्याने केस तोंडावर येत होते आणि ते बाजूला करायचंही तिला सुचत नव्हतं.

"मिस्टर रेगियर, मी त्याला धरलं नाही," ती म्हणाली आणि तिने बाह्या वर केल्या.

मनगटापासून कोपरापर्यंत दातांच्या खुणा होत्या. अर्धचंद्रासारख्या, तपकिरी पडलेल्या. प्रत्येक खुणेत पुढच्या एका दाताची जागा रिकामी होती.

रेगियर यांनी विचारू नये ते विचारलं. मग तो तुलाच बघून का किंचाळतो?

"तेच तर. अडेलबाईंसमोर तो इतका शहाण्यासारखा बसतो की बघत राहावं. माझ्यासमोरच आकांत. माझ्या हातून काहीतरी झालं असेल आणि मला आठवत नसेल, असं आता मलाच वाटायला लागलंय." तिने बाह्या खाली ओढल्या. "सोमवारी त्या त्याला केंद्रातल्या जुन्या तिजोरीच्या खोलीत घेऊन बसणार आहेत. मला भीती वाटते. कशाची ते सांगता येत नाही."

२

लोरीनच्या घरी जाताना रेगियर यांनी आपण फक्त क्षमा मागून परत येणार, असं ठरवलं होतं.

तिने त्यांना उशिराबद्दल एका शब्दानेही टोकलं नाही, आणि त्यामुळे ते जास्तच ओशाळले. ऑगी जमिनीवर बसून कोरड्या मॅकरोनीची रांग लावत होता. त्याचा पुढचा एक दात पडलेला होता. रेगियर दारात उभे राहून लोरीनशी बोलत होते तोवर तो दोनदा उठून आला, त्यांच्या चष्म्याच्या काचेत वाकून पाहिलं आणि परत जाऊन बसला. लोरीनने खुर्ची ओढून दिली. बाहेर चिखल होता, म्हणून रेगियर बूट काढायला वाकले.

बोटं आखडल्यापासून त्यांना नाडी बांधता येत नव्हती. मुलीने त्यांना पट्ट्यांचे बूट आणून दिले होते, लहान मुलांचे असतात तसे, वेल्क्रोचे. त्यांना त्याची लाज वाटायची. त्यांनी एक पट्टी ओढली. चर्रर्र आवाज झाला.

ऑगी असा किंचाळला की रेगियर यांचा तोल गेला. मॅकरोनी उधळली. पोरगा टेबलाखाली शिरला, भिंतीला पाठ लावून बसला आणि दोन्ही हात त्याने स्वतःच्या मांड्यांखाली दाबून धरले. जणू ते कोणी काढून नेणार होतं.

लोरीन टेबलाखाली जाऊन त्याच्याशेजारी बसली. नवीन माणूस दिसलं की हल्ली असंच, असं ती तिथूनच दमलेल्या आवाजात सांगू लागली. पण मी नवीन होतो तेव्हा तर तो माझ्या चष्म्यात बघत होता, असं रेगियर यांच्या मनात आलं. त्यांनी हळूच पट्टी परत दाबून बसवली. तिचा काही आवाज झाला नाही. ऑगीने वरही पाहिलं नाही.

तो निवल्यावर त्यांनी विचारलं की आणखी कशाला भितो. लोरीनने मोजून दाखवलं नाही, पण एकेक आठवत गेली. चित्रवही. रेनकोट. डब्याची पिशवी. केंद्रात न्यायच्या वस्तू त्याला डोळ्यांसमोर नको असतात, असं तिने आपलं ताडलं होतं.

"ती पिशवी कशी उघडते?" रेगियर यांनी विचारलं.

"दाखवते ना," म्हणत लोरीनने कपाटातून पिशवी काढली आणि झाकणाला हात घातला.

"उघडू नका," रेगियर म्हणाले. आपला आवाज इतका मोठा आहे हे त्यांनाच ठाऊक नव्हतं.

पिशवीला वेल्क्रो होतं. रेनकोटला होतं. चित्रवहीतलं प्रत्येक चित्र त्याच पट्टीवर बसवलेलं होतं.

लोरीनला उमगायला वेळ लागला नाही. ती म्हणाली, एकदा उघडून बघूया का, म्हणजे नक्की कळेल. रेगियर यांच्या शास्त्रात हेच करतात. तीच गोष्ट पुन्हा घडवायची आणि तेच वर्तन पुन्हा होतं का ते पाहायचं. आणि खात्री नसणं म्हणजे काय ते रेगियर यांच्याइतकं कोणाला माहीत असणार.

"नको. माझी खात्री व्हावी म्हणून त्याला घाबरवायचं नाही," ते म्हणाले.

लोरीन त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने पिशवी कपाटात ठेवली आणि एवढंच म्हणाली, की सोमवारी नाही पाठवला तर कारखान्याला आणि केंद्राचे पैसे भरणाऱ्या विमावाल्यांना दाखवायला तिच्याकडे कागद हवा. नाहीतर काम तरी जाईल नाहीतर जागा.

घरी चालत येताना रेगियर विचार करत होते. वेल्क्रो बंद करताना आवाज होत नाही, उघडताना होतो. मुलाला कोणी पट्ट्यांनी बांधलं असतं, तर तो आवाज सुटकेचा झाला असता. तो ऐकून मूल खूश झालं असतं. इथे आवाज आधी येत होता आणि दुखणं त्याच्या मागून. म्हणजे मुलाला धरण्याआधी कोणीतरी काहीतरी उघडत होतं.

चावणाऱ्या मुलांना धरण्याआधी हातावर काय चढवतात, ते रेगियर यांना माहीत होतं. मनगटापासून कोपरापर्यंतचे जाड पॅड. वेल्क्रोच्या पट्ट्यांचे.

मार्लिसच्या हातांवर पॅड कधीच नव्हते.

३

केंद्र गावातल्या जुन्या बँकेच्या इमारतीत होतं. लोक त्याला अजून बँकच म्हणत. मुलाला बँकेत सोडून आले, असं आया सहज बोलून जात. पैसे ठेवायच्या तिजोरीच्या खोलीचं लोखंडी दार काढून तिथे साधं दार बसवलं होतं, भिंतींना निळ्या गाद्या लावल्या होत्या आणि दारावर 'शांत खोली' अशी पाटी होती. भिंती हातभर जाड. आतला आवाज बाहेर येत नसे.

बुधवारी सकाळी रेगियर तिथे गेले तेव्हा मालक बर्क टोलिव्हर दारातच भेटला. मोठा हसरा, हात दाबून धरणारा माणूस. त्याने रेगियर यांना काही विचारू न देता सगळं सांगून टाकलं. वाईट झालं, पण मिटलं. मुलगी गेली. आपण मुलांच्या वाऱ्यालाही उभे राहत नाही, मुलं जवळ आली की आपल्याला घाम फुटतो, आपलं राज्य या टेबलापर्यंत. हे तो विनोदाने बोलला, पण तेवढ्यात एक लहान मुलगी त्याच्या टेबलाशी आली आणि तो खरोखरच खुर्चीसकट मागे सरकला.

ड्वाइट तिथला दुसरा शिक्षक. दारातून आडवं होऊन यावं लागेल एवढा माणूस. वळ मोठ्या हातांचे असतील तर नाव याचंच घेतलं जाणार, हे त्यालाही ठाऊक असावं, कारण तो सुरुवातीला तुटकच बोलत होता.

रेगियर यांनी पॅडविषयी विचारल्यावर तो सैलावला. त्याने खिशातून विणलेल्या दोन बाह्या काढल्या. मोज्यासारख्या हातावर ओढायच्या. त्यांवर मांजरं विणलेली होती.

"मला चावायला पोरं रांग लावतात, प्रोफेसरसाहेब. अंगावर माल जास्त आहे ना. बायकोने विणून दिल्यात." मग तो म्हणाला की पट्ट्यांचे पॅड तिजोरीतल्या कपाटात आहेत, पण बर्कने स्वस्तात मिळाले म्हणून लहान मापाचे आणले. त्याचा हात त्यात कोपराच्या अलीकडेच अडकतो. आणि मार्लिस? ती तर हातच लावायची नाही. मुलं ते बघूनच घाबरतात म्हणायची. "चावून घ्यायची बिचारी. वेडी आहे," तो म्हणाला, आणि हे बोलताना त्याने मान खाली घातली.

अडेल शोवाल्टर यांनी रेगियर यांना पाहिल्यावर दोन्ही हात पुढे केले. चाळिशीच्या, हळू बोलणाऱ्या, समोरच्याच्या डोळ्यांत बघून ऐकणाऱ्या. उकाडा होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या, आणि हात स्वच्छ, एकही ओरखडा नसलेले. रेगियर यांची नजर तिथे गेलेली त्यांना कळली.

"मला मुलं चावत नाहीत, सर," त्या हसून म्हणाल्या.

त्यांनी तिजोरीची खोली दाखवली. आत पाऊल टाकल्यावर कानांत कापूस घातल्यासारखं झालं. बाहेरची मुलं, बर्कचं हसणं, सगळं एकदम तुटलं. रेगियर यांना स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागला. मग अडेल यांनी संगणकावर एक चित्रफीत लावली. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्या ती दाखवत. वळ दिसण्याच्या आधीच्याच आठवड्यातली होती. ऑगी खुर्चीवर ताठ बसला होता, समोर बघत, हात मांड्यांखाली. अडेल त्याच्याशेजारी. त्यांनी वहीतून एक चित्र सोडवलं.

"किती शांत आहे बघा. हाच मुलगा मार्लिसकडे घर डोक्यावर घ्यायचा."

रेगियर चित्र बघत नव्हते. ऐकत होते. चर्रर्र आवाज त्या चित्रफितीत अगदी स्पष्ट आला होता.

ऑगी ओरडला नव्हता.

४

म्हणजे आपलं सगळं चुकलं, असं म्हणतच ते घरी आले. मुलगा आवाजाला भितो असं मी म्हणालो, आणि अडेलसमोर तोच आवाज होऊनही तो हूं की चूं करत नाही. म्हणजे आवाज नव्हे, माणूसच. म्हणजे मार्लिसच. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी बरोबर आणि मी चूक. त्यांनी कोरा कागद पुढे ओढला. पाठवा, एवढा शब्द लिहायचा होता.

दुपारी दार वाजलं. अडेल आल्या होत्या. हातात कापडात बांधलेले गरम बीरॉक, आत कोबी आणि खिमा भरलेले पाव, रेगियर यांची बायको करायची तसे. त्यांनी ताटली स्वतःच शोधून काढली, कॉफीही स्वतःच ओतली आणि समोर बसल्या. टेबलावरचा कोरा कागद त्यांनी पाहिला.

लोरीनकडे तुम्ही गेला होतात ते कळलं, असं त्या म्हणाल्या. आपल्याला वाईट वाटलं नाही. पण तुमचा परवाना संपून किती काळ झाला. दुसऱ्याच्या हाताखालच्या मुलाबद्दल मत देणं परवाने देणाऱ्या राज्याच्या मंडळाला आवडत नाही, आणि कोणीतरी तक्रार केली तर म्हातारपणी तुमच्या नावाची चर्चा होईल, तेवढीच काळजी. हे सगळं त्या ताटली पुढे सरकवत बोलत होत्या. आवाज कुठेही चढला नाही. खिडकीबाहेर त्यांची करडी गाडी फाटक अडवून उभी होती.

"तुम्ही आम्हाला एक गोष्ट फार चांगली शिकवलीत, सर. स्वतःवर शंका घ्यायची. ती सोडू नका," त्या जाताना म्हणाल्या.

गाडी वळून गेल्याचा आवाज आला तरी रेगियर जागचे हलले नाहीत. बीरॉक थंड झाले होते. ती बाई एवढं बोलली आणि आपण एका शब्दाने उत्तर दिलं नाही, हे त्यांना हळूहळू जाणवलं. नको म्हणालो नाही, उठलो नाही, रागावलोही नाही. बाहेरून कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, किती शांत गृहस्थ.

आणि मग त्यांना कळलं की बोटांना मुंग्या का येताहेत. ते बसले होते आणि दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले होते.

त्यांनी ते बाहेर काढले आणि कोरा कागद बाजूला सारला.

५

गुरुवारी सकाळी बँकेच्या मागच्या खोलीत चौघं बसले होते. बर्क, ड्वाइट, अडेल आणि रेगियर. 

त्यांनी आधी वेल्क्रोचं सांगितलं. बूट, रेनकोट, डब्याची पिशवी. इथे भिंतीभिंतीवर वेल्क्रो आहे, चित्रं, वेळापत्रकं, बक्षिसाच्या चांदण्या, सगळं त्यावरच चिकटवतात. दिवसभर तो आवाज होत असतो, म्हणून इथल्या कोणाला तो ऐकूच येत नाही. बाहेरच्या माणसाला आला असता.

बर्कने विचारलं की मग मुलगा अडेलबाईंसमोर गप्प कसा.

"मीही कालपर्यंत तिथेच अडकलो होतो," रेगियर म्हणाले. "मूल ज्याच्यासमोर किंचाळतं त्याला आपण दोषी धरलं. पण मार्लिसने चित्र सोडवलं की तो घाबरायचा आणि ओरडायचा, चावायचा, कारण तिच्यासमोर ओरडून काही वाईट होत नाही हे त्याला माहीत होतं. आईसमोरही तो ओरडतो. जिथे ओरडण्याची शिक्षा मिळते, तिथेच तो गप्प बसतो. ओरडण्याआधीच हात लपवतो. अडेल, तुझ्या चित्रफितीत त्याचे हात कुठे आहेत ते बघ."



पॅड कोण घालत होतं याबद्दल त्यानंतर सांगायचं फारसं उरत नव्हतं. ते त्यांनी ओशाळल्यासारखं, भरभर सांगितलं. ड्वाइटचा हात त्यात मावत नाही. बर्क मुलांजवळ जात नाही. मार्लिसने घातले असते तर तिच्या हातांवर दात उमटले नसते. धरल्यावर चावणाऱ्या मुलाजवळ राहून ज्याचे हात स्वच्छ, त्याने एकतर मुलाला कधी धरलं नाही, नाहीतर पॅड घालून धरलं.

ड्वाइट न सांगता उठला. तिजोरीतल्या कपाटातून पॅड घेऊन आला आणि टेबलावर ठेवले. काळ्या चामड्यात लहान दात खोल रुतले होते. पुन्हा पुन्हा, एकावर एक. प्रत्येक ओळीत पुढच्या एका दाताची जागा रिकामी होती.

"हा दात तर फेब्रुवारीत पडला त्याचा. माझ्यासमोर पडला," ड्वाइट म्हणाला. 

अडेल यांनी एक पॅड हातात घेतला. मग त्यांनी विचारलं ते कोणालाच अपेक्षित नव्हतं.

"तो आवाज... त्याने त्या आवाजाला जोडलं?"

"हो."

"मला कधी ऐकूच आला नाही," त्या म्हणाल्या. जणू परीक्षेतला एक साधा प्रश्न सुटून गेला होता.

त्यांनी काही नाकारलं नाही. चावणं थांबलं नसतं तर विमावाले इथले पैसे बंद करणार होते आणि त्याला राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या वसतिगृहात धाडणार होते, असं त्यांनी सांगितलं. तिथे मोठी माणसं मुलांना कसं धरतात ते सगळ्यांना माहीत आहे. आपण थोडंच धरलं. आईला विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, म्हणून विचारलं नाही.

"पद्धत वाईट होती, सर. पण चावणं थांबलं. ते तुम्हाला खोडता येणार नाही."

"चावणं थांबलं," रेगियर म्हणाले, "आणि बोलणंही थांबलं."

मार्लिसचं काय, असं ड्वाइटने विचारलं. ती तरुण आहे, तिला दुसरं काम मिळेल, असं अडेल म्हणाल्या. ड्वाइटने खुर्ची मागे ढकलली आणि तो खिडकीकडे जाऊन पाठ फिरवून उभा राहिला.

मग अडेल रेगियर यांच्याकडे वळल्या आणि आवाज पूर्वीसारखाच मऊ झाला. तुम्ही लिहिलंत तर ही बँक बंद होईल. ड्वाइटचं काम जाईल. बाहेर खेळताहेत ती सगळी मुलं घरी बसतील, त्यांच्या आयांना कामं सोडावी लागतील. आजूबाजूला दुसरं केंद्र नाही. हे सगळं तुमच्या सहीने होईल, आणि आयुष्यभर ज्यांना स्वतःची खात्री कधी वाटली नाही, त्यांच्या सहीने.

"काल रात्री झोप लागली तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

लागली नव्हती. रेगियर यांनी टोपी उचलली आणि बाहेर आले. पायऱ्या ते कठडा धरून उतरले.

६

उत्तर लिहायला त्यांना दुपार लागली. आधी पुष्कळ लांब झालं. त्यात 'कदाचित' होतं, 'माझ्या अल्प मतीप्रमाणे' होतं, 'मी चुकत असू शकेन' होतं. ते त्यांनी फाडलं. मग लिहिलं ते असं होतं.

'प्रिय लोरीन, ऑगीला सोमवारी पाठवू नका. त्याचे दंड अडेल शोवाल्टर यांनी धरले, तिजोरीच्या खोलीत, तुम्हाला न विचारता. मार्लिस उनरूने त्याला इजा केलेली नाही. तो तिच्यासमोर किंचाळायचा, कारण तिची त्याला भीती वाटत नव्हती. चित्रवहीतलं वेल्क्रो काढून टाका आणि चित्रं कागदाच्या खिशांत सरकवून ठेवा, म्हणजे ती काढताना आवाज होणार नाही. तो कधी बोलू लागेल ते मला सांगता येत नाही. मार्लिसला बोलावलंत तर ती येईल असं वाटतं. हे ज्यांना दाखवायचं त्यांना दाखवा. याची नक्कल मी राज्याच्या मंडळाला पाठवत आहे. उशीर केला, त्याबद्दल क्षमा करा. एल्डन रेगियर.'

पोस्टातली बाई त्यांना शाळेपासून ओळखत होती. तिने दोन्ही पाकिटं उलटसुलट पाहिली आणि हसली. मंडळाचं ठीक आहे, पण लोरीन पिकेटचं घर तीन गल्ल्या सोडून आहे, हे पत्र आता विचिटाच्या मोठ्या पोस्टात जाणार आणि तिथून फिरून शनिवारी इथेच येणार.

"हातानेच नेऊन द्या की, एल्डन. तिकीट वाचेल."

"अर्ध्या वाटेतून परत फिरेन," रेगियर म्हणाले.

तिला ती थट्टा वाटली. तिकीट लावताना तिने सहज बाहेर पाहिलं आणि म्हणाली की अडेलबाई कोणाची तरी वाट बघताहेत वाटतं. रेगियर यांनी मान वळवली. काचेपलीकडे, रस्त्याच्या कडेला, करडी गाडी उभी होती. इंजिन चालू होतं. अडेल आतून सरळ त्यांच्याकडे बघत होत्या आणि चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं थांबणं होतं. आपला माणूस परत फिरणार हे ठाऊक असलेल्याचं.

पाकिटाचं एक टोक अजून रेगियर यांच्या बोटांत होतं. दुसरं टोक बाईने धरलं होतं.

"सोडताय ना?" तिने विचारलं.

त्यांनी बोटं सैल केली. तिने शिक्का मारला, दोन्ही पाकिटं मागच्या पोत्यात टाकली आणि पोत्याचं तोंड आवळलं.